सोबत किती पोरी आणाल?

असे लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात, असं मला सांगण्यात आलं. मी तेहतीस वर्षांची आहे, आणि निवृत्त व्हायला आधी कायम व्हावं लागतं. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही. आत्ताच लिहून टाकते.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी मुलींच्या खो-खो संघाची सहायक प्रशिक्षक आहे. शिकत असताना विद्यार्थी संघटनेत होते. फीवाढ, हॉस्टेलचं जेवण, बसचा पास, काहीही असो, एका बैठकीत पत्रक लिहून द्यायचे. त्यामुळे माझी वाक्यं अजूनही गेटवर उभी राहून बोलल्यासारखी येतात. संपादकांनी सांभाळून घ्यावं. वाचकांनी घेतलं नाही तरी चालेल.

सहायक म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही शिट्टी आणि पाण्याची बाटली धरून उभे असतो. मैदान आखायचं काम सहायकाचं. सकाळी पोरींना पळवायचं, कुणाचा गुडघा सुजलाय आणि कोण पाळीच्या दिवसांत गप्प राहून सूर मारतेय ते ओळखायचं, मेसवाल्याशी भांडून दोन अंडी जास्त मिळवायची, एसटीच्या टपावर किटच्या बॅगा चढवायच्या, हेही त्याचंच. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पोरी शोधून आणायच्या. सुरगाणा, पेठ, त्याच्या पलीकडचे पाडे. जीपमधून उतरायचं, चालायचं, शाळेच्या पटांगणात बसून पोरींचे पाय बघायचे. कोण वाकून पळते, कोण वळताना वेग मोडत नाही. मग तिच्या घरी जायचं.

मुख्य प्रशिक्षक सामन्याच्या दिवशी खुर्चीवर बसतात. खुर्ची एकच असते. संघाचा क्रम ते ठरवतात, पंचांशी ते बोलतात, पेपरात नाव त्यांचं येतं. आमचे मुख्य म्हणजे देवरे सर. सर सटाण्याकडचे, कायम नोकरीतले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. देवरे सर वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात समोरचा माणूस वाईटच असावा लागतो आणि इथे माझी तशी सोय नाही. मला खेळातलं जे कळतं, त्यातलं अर्धं त्यांनी शिकवलं. उरलेलं अर्धं त्यांनी करू दिलं, स्वतः न करता.

आमच्या धंद्यात सहायकाला मुख्य व्हायचे दोन रस्ते आहेत. एक, वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत थांबा आणि मग ती जागा भरायला परवानगी येते का याची वाट बघा. दुसरा, दुसऱ्या कॉलेजात मुख्य म्हणून जा. या दुसऱ्या रस्त्यावर एक नाका आहे, आणि तिथे जे द्यावं लागतं त्याचा जाहिरातीत उल्लेख नसतो. नवीन माणसाने येताना खेळाडू घेऊन यायचे. तयार, नावाजलेले, पहिल्याच हंगामात ढाल आणतील असे. फीमाफी आणि हॉस्टेल नवं कॉलेज बघून घेतं. सगळ्यांना माहीत आहे, सगळे करतात, आणि सत्काराच्या भाषणात याला ‘नव्याने संघबांधणी केली’ असं म्हणतात.

निलेश आमच्याकडे कबड्डीचा सहायक होता. मनमोकळा पोरगा, मैदानावर पोरांना शिव्या घालायचा आणि संध्याकाळी त्यांनाच भेळ खायला न्यायचा. त्याला मुख्य म्हणून बोलावणं आलं. तो चांगले चार चढाईपटू घेऊन गेला, म्हणजे आमचा संघच घेऊन गेला. मी त्याला म्हटलं होतं, “निल्या, पोरांचं काय?” तो म्हणाला, “अगं, पोरं खूश आहेत, त्यांना गादीवर झोपायला मिळतंय.” खरंच मिळत होतं. दोन हंगाम त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या बॅनरवर चौघांचे फोटो होते. मग संस्थेला क्रिकेटची हौस आली आणि कबड्डीचं हॉस्टेल बंद झालं. निलेशला दुसरीकडे जागा मिळाली. पोरांना परत आमच्याकडे यायची लाज वाटली. त्यातला एक आता भाजीचा टेम्पो चालवतो. पंचवटीत मला दिसला की हात करतो. निलेशचा विषय काढत नाही, मीही काढत नाही.

एवढं बघूनही मला बोलावणं आलं तेव्हा मी नवा ड्रेस इस्त्री करून गेले. खोटं कशाला लिहू?

शहराबाहेर, शेतं संपवून उभं केलेलं ते कॉलेज. मैदानाला कुंपण, वर दिवे, आणि हॉलमध्ये मॅट. आम्ही मातीवर सूर मारून कोपरं सोलणारे लोक. मॅट बघितल्यावर मी वाकून हात लावला. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. नानांनी चहा मागवला, माझ्या कामाचं कौतुक केलं, ते त्यांना खरोखर माहीत होतं. मग पहिला प्रश्न विचारला.

“मॅडम, सोबत किती पोरी आणाल?”

मी म्हटलं की जाहिरात प्रशिक्षकाची होती. नाना हसले. “अहो, नुसता आचारी बोलावून पंगत बसते का? शिधा नको?”

“म्हणजे आमची मंजुळा शिधा?”

“नाव मी घेतलं नाही हं. तुम्हीच घेतलंत.” आणि त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

विचार करून कळवते, असं सांगून मी निघाले. मी तिथेच उठून भाषण करायला हवं होतं, असं माझ्या जुन्या संघटनेतल्या मैत्रिणी म्हणतात. त्यांना कुणी मॅट दाखवलेली नाही. मला ती जागा हवी होती. सामन्याच्या दिवशी कुणाला आधी उतरवायचं ते मी ठरवावं, चुकलं तर माझं चुकावं, यासाठी मी हे सगळं करत आले होते. घरी आई रोज विचारायची, काय ठरलं? मी म्हणायचे, बघते.

मंजुळाबद्दल सांगायला हवं. ती सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिची आई नागली लावते, भात काढते आणि पिकं निघाली की द्राक्षाच्या बागांवर कामाला खाली येते. मंजुळाही तिच्याबरोबर यायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईने मला काही विचारलं नाही. जेवायला बसवलं. नागलीची भाकरी, उडदाचं बेसन. मी जेवून हात धुतला तेव्हा म्हणाली, “कॉलेज कुठं हाय ते मला ठावं नाय. मी पोर कॉलेजला देत नाय, तुला देते.” तिकडे कागदावर सही होण्याच्या आधी हे होतं. ज्याने ताटावर बसून खाल्लं, त्याच्याकडे पोर सोपवलेली असते.

आता पेच बघा. मी एकटी गेले तर ज्या बाईने पोर मला दिली तिचा शब्द मी टाकून जाते. मंजुळाला घेऊन गेले तर शब्द पाळते, आणि त्याच शब्दाच्या जोरावर खुर्ची विकत घेते. मी फीवाढीवर पत्रक लिहायचे तेव्हा सगळं सोपं होतं. एक बाजू त्यांची, एक आमची.

मी कळवायच्या आत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. उपांत्य सामना होता.

खो-खो न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगते. आठ जणी मधल्या पाटीवर ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला ओळ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पुढची पोरगी निसटून पलीकडे गेली की पळणारीने बसलेलीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणायचं, म्हणजे ती उठते आणि ही तिच्या जागी बसते. बाद कोण करतं हे दिसतं. खो कुणी वेळेवर दिला, हे फक्त आम्हाला दिसतं. सगळा खेळ त्या एका थापेवर आहे.

आमची श्रद्धा पळत होती. नाशिकरोडची पोरगी, हसरी, जिभेने तिखट. समोरच्या संघाची पोरगी तिला हूल देऊन पलीकडे गेली, आणि गेली ती थेट मंजुळाच्या पुढ्यात. मंजुळा पायाच्या चवड्यावर येऊन बसलेली. पाठीवर हात पडायचाच अवकाश होता. श्रद्धा तिच्या मागून निघून गेली. पार खांबापर्यंत गेली, वळसा घालून आली. मला वाटलं, दम लागलाय. थोड्या वेळाने तेच पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या पोरीही एकमेकींकडे बघायला लागल्या.

मध्यंतरात देवरे सर खुर्चीवरून उठले. सर संतापले की बोलीने सटाण्याला पोचतात. “हाई काय शे, वैशाली?” मला माहीत नव्हतं. श्रद्धाने सांगितलं. टॉवेलने मान पुसत, माझ्याकडे न बघता.

“मंजुळा जाणारच आहे ना सर, मॅडमबरोबर. मग तिच्याशिवाय खेळायची सवय नको करायला?”

मग मंजुळाच हळू आवाजात म्हणाली की घरी एक माणूस आला होता, पांढऱ्या गाडीतून. मॅडम आमच्याकडे येतायत, पोरीचा दाखला काढून ठेवा, असं सांगून गेला. सुरगाण्याच्या आणखी दोघींच्या घरीही गेला होता. त्या तिघी एका बाजूला बसल्या होत्या आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला. सकाळपासून तशाच बसत होत्या. मी बघितलं होतं, पण मला वाटलं ऊन टाळतायत.

मी कुणाला हो म्हटलेलं नाही, हे मी ओरडून सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. सामना आम्ही एका गुणाने हरलो.

पोरी बसकडे गेल्या. नानांच्या विरोधात काय काय लिहिता येईल, ते डोक्यात तयार व्हायला लागलं होतं. सर कठड्यावर बसले, मला बसायला सांगितलं. बोलावण्याचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाशकात क्रीडाशिक्षकांचं गुपित एका चहापुरतं टिकतं.

“मी इथं आलो तेव्हा पाच पोरं घेऊन आलो होतो,” सर म्हणाले. “जुन्या कॉलेजातून. त्यांच्या जोरावर मला ही खुर्ची मिळाली. तुला काय वाटलं, माझं अक्षर बघून दिली?”

त्यांनी पाचही नावं सांगितली, आडनावांसकट, कोण कुठल्या जागी खेळायचा त्यासकट. मी विचारलं, आता कुठे आहेत? एक पोलिसात लागला, एक द्राक्षाचा व्यापार करतो. उरलेल्या तिघांचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगताना त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण दोनदा उघडलं आणि लावलं.

“तू जायचं तर जा. मी अडवणार नाही. मला कुणी अडवलं असतं तर मी जन्मभर त्याचं तोंड बघितलं नसतं.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी सुरगाण्याची गाडी धरली. पुढे जीप, पुढे पायी. मंजुळाची आई खळ्यावर भात झोडपत होती. मला बघून थांबली नाही, पेंढी संपवली आणि मग पदराने तोंड पुसलं. मी सगळं सांगितलं. जागा काय आहे, मॅट काय असते, नाना काय म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही पोर मला दिली होती. आता मी गेले तर काय करायचं, ते तुम्हीच सांगा.”

तिने दुसरी पेंढी उचलली. “दिली म्हंजे शिकवाया दिली. माझी पोर काय वझं हाय का, तुझ्या डोक्यावर चढवून इकडून तिकडं न्यायला? तुला मोठं व्हायचंय, तू हो की. कोण नको म्हनतं?”

“मग मी गेले तर चालेल?”

“तू जा. पोरगी चालती हाय. तिला पाय हायेत.” मग जरा थांबून म्हणाली, “जेवून जा.”

परतताना जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचंतरी लहान पोर झोपलं होतं आणि मला हलता येत नव्हतं. त्या वेळात माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. म्हटलं, मी यायला तयार आहे. संघ मी उभा करीन, पहिल्या वर्षी हराल, तिसऱ्या वर्षी बोलू. आणि तुमच्या माणसाने पुन्हा माझं नाव घेऊन कुणाच्या दारात गाडी उभी केली तर मी पत्रक काढीन, आणि पत्रक मला चांगलं काढता येतं.

नानांनी शांतपणे ऐकलं. “मॅडम, तीन वर्षं थांबायला मी काय देवस्थान चालवतो का?” एवढं म्हणून त्यांनी शुभेच्छा दिल्या. माणूस बोलायला गोड आहे, हे मान्य करते.

मग मी सगळ्या पोरींना मैदानावर बसवून सांगितलं. सगळ्यांना एकत्र, वेगवेगळं नाही. मी जात नाही, का जात नाही, इथे मुख्य होण्याची माझी शक्यता किती कमी आहे, तेही. श्रद्धा ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? तुम्ही जाताय याचा राग नव्हता आला. मंजीच्या घरी गाडी गेली. आमच्या घरी कुणी सायकलवरसुद्धा आलं नाही. आम्ही काय दगड आहोत का?” सगळ्या हसल्या, मंजुळाही हसली, आणि मला कळलं की पळवापळवीवर मी आयुष्यभर जी वाक्यं बोलत आले, त्यात ज्यांना कुणी पळवत नाही त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.

नानांनी जागा भरली. पेठकडचा एक तरुण प्रशिक्षक आला, येताना त्याने पाच पोरी आणल्या. माझी त्याच्याशी ओळख आहे. कष्टाळू आहे. गेल्या हंगामात त्यांच्या संघाने आम्हाला हरवलं, आणि स्वच्छ हरवलं. त्यांच्या पोरींच्या पायात चांगले बूट होते, गुडघ्याला पट्टे होते. दोन वर्षांनी त्या पोरींचं काय होईल हे मला माहीत आहे, असं मी हे लिहायला बसले तेव्हा लिहिणार होते. मला माहीत नाही. कदाचित नाना थांबतील. कदाचित त्यातली एक पोलिसात लागेल आणि एकीचा फोटो बॅनरवरच जुना होईल. पद्धत वाईट आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगीन. खेळाडूने कॉलेज बदललं तर त्याची पदवी पुरी होईपर्यंत हॉस्टेल आणि फीमाफी काढून घेता येणार नाही, हे नव्या कॉलेजकडून आधी लिहून घ्या, ही आमची मागणी आहे. ‘आमची’ म्हणजे अजून तरी मी आणि दुसरे दोघे सहायक, त्यांतला एक नाव छापू नका म्हणतो.

देवरे सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्या जागेची जाहिरात आली तर मी अर्ज करणार आहे. मला ती खुर्ची अजून हवी आहे.

गेल्या हंगामात नानांच्या संघाकडून हरलो, त्या सामन्यानंतर पोरी बॅगा भरत होत्या. मंजुळा आता शेवटच्या वर्षाला आहे. ती पायरीवर बसून अंगठ्याची चिकटपट्टी सोलत होती. मी शेजारी बसले. समोरच्या पोरींच्या बुटांकडे आम्ही दोघीही बघत होतो.

ती म्हणाली, “मॅडम, तेव्हा तुम्ही आईला जाऊन भेटला. नानांना फोन केला. सरांशी बोलला.”

मी म्हटलं, हो.

“मला नाय विचारलं.”

मी सांगायला लागले. खेळाडूचा सौदा होऊ नये, दबावाखाली दिलेल्या होकाराला अर्थ नसतो, तू तेव्हा लहान होतीस, तुला विचारणं म्हणजे तुझ्यावर ओझं टाकणं झालं असतं. मुद्दे सगळे बरोबर होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पट्टीची गोळी करून खिशात टाकली.

“तुमचं बरोबरच हाय, मॅडम. मी बी नायच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “पण ते मी म्हटलं असतं.”